भोपळ्याचें अंगण

शाळेच्या आवारांतील माझ्या बिऱ्हाडाच्या पडवींत सहा फूट लांब व चार फूट रुंद असें एक लहानसें अंगण आहे. त्याच्या भोंवतीं दीड फूट उंचीचें लांकडी फळ्यांचें कुंपण असून, मांजरांच्या भीतीनें वर जाळी टाकलेली असते. ह्या अंगणाच्या मालकास वसतिगृहांतील मुलें भोपळ्या म्हणतात. हा भोपळ्या म्हणजे एक गिनीपिग होय. तो आमच्याकडे कसा आला, कसा फुगला, आणि त्यास चार पावलें धांवावयास लावतांना मला काय काय शिकावें लागलें, तें ह्या अंकाच्या निमित्तानें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें असें मनांत आहे. ह्या हकीकतींत माझी स्वतःची एक चूक आहे. ती वगळली असती तर हकीकत अधिक शोभिवंत झाली असती. पण मग सांगण्यासारखें फारसें उरलें नसतें.

सन २०२२ च्या जून महिन्यांत आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाची दूरच्या गांवीं बदली झाली. त्यांच्या मुलीनें हा प्राणी हौसेनें पाळला होता. परंतु प्रवासांत त्याचे हाल होतील म्हणून तो पिंजऱ्यासकट आमच्या स्वाधीन करण्यांत आला. त्या वेळीं त्याचें वय सुमारें दोन वर्षें असावें. तांबूस व पांढरा रंग, मखमलीसारखे केस, शेपूट मुळींच नाहीं, आणि काळे टपोरे डोळे! त्या मुलीनें त्याचें नांवही मखमल असेंच ठेविलें होतें. पिंजरा दोन फूट लांब, दीड फूट रुंद, व तळाला तारेची जाळी असलेला होता. निरोप घेतांना ती मुलगी रडली आणि म्हणाली, "काका, ह्याला रोज काहींतरी चांगलें खायला द्या हं." मीं तिला तसें वचन दिलें, आणि पुढील सात महिने तें इतक्या इमानानें पाळलें कीं, त्यांतूनच सारें संकट उद्भवलें.

ह्या प्राण्याचें नांव मोठें फसवें आहे. तो डुकराच्या जातीचा नाहीं, आणि गिनी देशाचाही नाहीं. तो उंदीर व खार ह्यांच्याप्रमाणें कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या वर्गांतला. दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या प्रदेशांत मनुष्यानें हजारों वर्षांपूर्वीं त्यास माणसाळविलें. तेथें आपल्याकडील कोंबडीप्रमाणें तो खाण्यासाठीं पाळीत असत, व आजही पाळतात. पेरू देशांतील कुस्को येथील कॅथीड्रलांत मार्कोस सापाता नांवाच्या चित्रकारानें सन १७५३ मध्यें रंगविलेलें प्रभूच्या शेवटच्या भोजनाचें चित्र आहे. त्यांत मेजावरील ताटांत जो भाजलेला प्राणी दिसतो, तो बहुतेकांच्या मतें गिनीपिगच होय. सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांबरोबर तो युरोपांत गेला आणि तेथें लाडका झाला. पुढें प्रयोगशाळांनीं त्यास जवळ केलें. सन १८८२ मध्यें रॉबर्ट कॉख ह्यांनीं क्षयाच्या जंतूंचा शोध जाहीर केला, त्या शोधाच्या कामीं ह्या मुक्या प्राण्यांचा उपयोग झाला. सन १९०७ मध्यें नॉर्वे देशांतील आक्सेल होल्स्ट व थेओडोर फ्रॉलिक ह्या दोघांना असें आढळलें कीं, नुसत्या धान्यावर ठेविलेल्या गिनीपिगांना खलाशांना होणारा स्कर्व्ही रोग जडतो, आणि ताजा भाजीपाला दिला म्हणजे तो टळतो. मनुष्याप्रमाणेंच ह्या प्राण्याच्या शरीरांतही 'क' जीवनसत्त्व तयार होत नाहीं. म्हणूनच त्या जीवनसत्त्वाच्या शोधांत त्याची फार मदत झाली. ज्याच्या देहावरून विद्वानांनीं आमच्या आहाराविषयीं इतकें जाणून घेतलें, त्याच्या आहाराविषयीं आमच्या घरांत मात्र कोणासही कांहीं ठाऊक नव्हतें.

आम्ही त्याला काय दिलें नाहीं? सकाळीं चपातीचा तुकडा, मधल्या सुटींत वसतिगृहांतील मुलांच्या खिशांतले शेंगदाणे, दुपारीं बिस्किट, संध्याकाळीं केळ्याची फोड. दुकानांतून आणलेलें दाणेदार खाद्य तर वाटींत सदाच भरलेलें. मीं स्वतः दूधवाल्याकडून रोज ताजा लसूणघास आणीत असें. दुभत्या म्हशीला जो घास मानवतो तो ह्या एवढ्याशा जिवाला अमृतच होईल, असा माझा हिशेब होता. पडवींत कोणाचें पाऊल वाजलें कीं तो जाळीशीं येऊन शीळ घातल्यासारखा "वीऽक, वीऽक" असा आवाज करी, आणि ज्याच्या हातीं जें असेल तें तो जाळींतून आंत सारी. आम्हांस वाटे, बिचाऱ्यास किती भूक लागते! खरें पाहतां त्याला आमच्या येण्याचा अर्थ आम्हींच शिकविला होता.

दिवाळीच्या सुटीनंतर मुलें परत आलीं तों मखमल बसला म्हणजे त्याचे पाय दिसेनासे झाले होते. लेकीच्या घरीं खाऊनपिऊन लठ्ठ होऊन भोपळ्यांत बसून परत येणाऱ्या म्हातारीची गोष्ट आपल्याकडे कोणास ठाऊक नाहीं? कोणीतरी त्याला भोपळ्या म्हटलें, आणि दोन दिवसांत मखमल हें नांव मागें पडलें. ह्यांत वाईट कांहींच नव्हतें. वाईट झालें तें पुढें.

त्या वेळीं आठवीच्या माझ्या वर्गांत एक स्थूल बांध्याचा, अबोल विद्यार्थी होता. तो वसतिगृहांतच राहत असे. त्याचें नांव येथें देत नाहीं. मात्र हें लिहिण्यापूर्वीं मीं त्याची परवानगी घेतली आहे. पडवींतलें नांव खेळाच्या मैदानावर गेलें, मैदानावरून वर्गांत आलें, आणि मुलें त्यालाही भोपळ्या म्हणूं लागलीं. हें माझ्या कानांवर आलें होतें. एके दिवशीं बीजगणिताच्या चांचणीच्या वह्या मी परत देत होतों. त्याच्या वहींत शून्य गुण पडले होते. वही पुढें करतांना माझ्या तोंडून निघून गेलें, "घ्या, भोपळ्याला भोपळा मिळाला!" सारा वर्ग खदखदून हंसला. तो मुलगाही हंसला. तो हंसला म्हणून त्याला वाईट वाटलें नाहीं अशी मीं आपली समजूत करून घेतली, आणि पुढचें उदाहरण फळ्यावर लिहूं लागलों. शिक्षकाचा पेशा पत्करून मला वीस वर्षें झालीं होतीं.

सन २०२३ च्या जानेवारींत भोपळ्या पिंजऱ्याच्या कोपऱ्यांतून हलेनासा झाला. त्याला उचलून पाहतों तों मागच्या एका पायाचा तळवा सुजून लाल झालेला. मीं व माझ्या मुलीनें त्याला टोपलींत घालून पशुवैद्यांकडे नेलें. त्यांनीं त्याला तराजूंत घातलें. कांटा १,४८० ग्रॅमवर थांबला. पूर्ण वाढलेल्या गिनीपिगाचें वजन साधारण ७०० पासून १,२०० ग्रॅमपर्यंत असतें. जड शरीराचा सारा भार तारेच्या जाळीवर पडून तळव्यास जखम होऊं लागली होती. शिवाय हा प्राणी आपली एक प्रकारची मऊ विष्ठा पुन्हां खात असतो व त्यांतून आपल्याला लागणारीं कांहीं जीवनसत्त्वें मिळवितो; लठ्ठपणामुळें आतां त्याला मान वळवून तेंही करतां येत नव्हतें.

मीं म्हटलें, "डॉक्टर, हा स्वभावानेंच आळशी आहे. दिवसभर बसून असतो."

डॉक्टरांनीं पिंजऱ्याचें माप विचारलें, आणि तें ऐकून म्हणाले, "सर, ह्यांत ह्याचीं चार पावलें पडलीं कीं समोर जाळी येते. हा धांवणार कोठें? आळस ह्याचा नाहीं, पिंजऱ्याचा आहे."

"मग दोन दिवस उपाशी ठेवून पाहूं का?"

"तें तर चुकूनही करूं नका. ह्याचें आंतडें सतत चालतें राहिलें पाहिजे. एक दिवस जरी पोट रिकामें राहिलें तरी आंतडें थंडावतें, आणि लठ्ठ जनावराच्या यकृतावर चरबी चढून तें दगावतें. खाणें तोडायचें नाहीं, बदलायचें. आणि तेंही हळूहळू."

माझ्या मुलीनें शहरांतल्या दुकानांत एक फिरतें चाक पाहिलें होतें. तें आणूं का, असें तिनें विचारलें. डॉक्टर म्हणाले, "नको, बाळ. तें चाक दुसऱ्या लहान प्राण्यांसाठीं असतें. ह्याचा कणा तसा वांकत नाहीं. पाठीला इजा होईल आणि पायही अडकतील. ह्याला यंत्र नको, जमीन हवी."

हें शेवटचें वाक्य माझ्या मुलीनें घरीं येऊन भिंतीवरच्या कागदावर लिहून ठेविलें.

खाण्याची व्यवस्था बदलणें त्यामानानें सोपें गेलें. ज्याला मी अमृत समजत होतों तो लसूणघास वाढत्या पिलांना चालतो. प्रौढ प्राण्याला मात्र त्यांतील चुन्याचा अंश अधिक होऊन मूतखडा होण्याचें भय असतें, व त्यानें अंगही सुटतें. त्याचें खरें अन्न म्हणजे वाळलेलें साधें गवत. आमच्याकडे माळावर होणारें पवना व मारवेल हें गवत आम्ही मिळविलें आणि तें त्याला पोटभर, नव्हे, पोटापेक्षां अधिक देऊं लागलों. ह्या प्राण्याचे दांत जन्मभर वाढत असतात, आणि गवत चावून चावूनच ते झिजतात. दाणेदार खाद्य आठवड्याआठवड्यानें कमी करीत दिवसाकांठीं दोन चमचे एवढ्यावर आणलें. 'क' जीवनसत्त्वासाठीं रोज कोथिंबीर व ढोबळ्या मिरचीच्या फोडी ठरविल्या. फळ आठवड्यांतून एकदां, नखाएवढें. शेंगदाणे, बिस्किटें व चपाती मात्र कायमचीं बंद झालीं. वसतिगृहांतील मुलांस मीं हें समजावून सांगितलें तेव्हां एक लहान मुलगा म्हणाला, "मग सर, आम्ही त्याला द्यायचें तरी काय?" त्याचा प्रश्न खरा होता. खाऊ दिल्यावांचून प्रेम कसें दाखवावें, हें आम्हां कोणासच माहीत नव्हतें.

नंतर जागेचें काम निघालें. दोन गिनीपिगांना निदान साडेसात चौरस फूट जागा असावी, असें जाणकार सांगतात. आमच्या पिंजऱ्याची जागा अवघी तीन चौरस फूट होती. दोन शनिवार खपून मुलांनीं जुन्या खोक्यांच्या फळ्या तासून कुंपण उभें केलें. फरशीवर जुनें घोंगडें व त्यावर धुतलेली सुती चादर घातली. चोवीस चौरस फुटांचें तें मोकळें अंगण पाहून आम्हांलाच धन्यता वाटली. भोपळ्याला उचलून मधोमध ठेविलें, आणि वीसपंचवीस मुलें त्याचें धांवणें पाहण्यासाठीं कुंपणाभोंवतीं दाटीवाटीनें उभीं राहिलीं.

भोपळ्या कांहीं क्षण दगडासारखा थिजून राहिला. मग सरपटत कोपऱ्यांत गेला, आणि तोंड भिंतीकडे करून बसला. मुलांनीं टाळ्या वाजविल्या, शीळ घातली. एकानें त्याला मागून हलकेंच ढकललें. तो अधिकच आखडला. चार दिवस हाच प्रकार चालला. पांचव्या दिवशीं मी सर्वांदेखत म्हणालों, "जागा देऊन काय उपयोग? मुळांतच आळशी!"

त्यानंतर दोनतीन दिवसांनीं, संध्याकाळीं मैदानावर खेळ चालू असतां, मी कांहीं कागद आणण्यासाठीं अवेळींच घरीं आलों. पडवीच्या खांबाआड कोणीतरी बसलेलें दिसलें. तोच माझा आठवींतला विद्यार्थी होता.

"काय रे, खेळायला गेला नाहींस?"

तो दचकून उठला आणि हळूच म्हणाला, "सर, तो पळतो."

"कोण?"

"हा. सगळे गेल्यावर पळतो. पण भिंतीच्या कडेकडेनेंच. मधें येत नाहीं."

"कां बरें?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग अंगणाकडेच पाहत म्हणाला, "मधें लपायला कांहींच नाहीं, सर. आणि सगळे बघत असतात."

ह्यावर काय बोलावें तें मला सुचेना. त्याचें बोलणें केवळ प्राण्याविषयीं होतें कीं आणखी कशाविषयीं, हें त्याला विचारण्याचें धैर्य मला झालें नाहीं. मी त्याच्याशेजारीं खांबाला टेंकून बसलों. दहा मिनिटें आम्ही दोघेही बोललों नाहीं. उजेड मंदावला, आणि भोपळ्या कोपऱ्यांतून निघाला. त्यानें भिंतीच्या कडेनें एक फेरी घातली. थांबला, कान टवकारले, आणि दुसरी घातली. त्याचें बेढब शरीर डुलत होतें, पाय लहान होते. पण तो धांवत होता हें निश्चित.

त्या रात्रीं मीं ह्या प्राण्याविषयीं मिळेल तें वाचून काढलें. त्याच्या रानांतल्या भाईबंदांना आकाशांतून शिकारी पक्ष्यांचें व जमिनीवर कोल्ह्याचें भय असतें. त्यांच्याजवळ नख्या नाहींत, शिंगें नाहींत. पळून लपणें हीच त्यांची ढाल. उंच गवतांतून बोगद्यांसारख्या वाटा पाडून ते त्यांतून ये-जा करतात, आणि सकाळसंध्याकाळच्या संधिप्रकाशांत अधिक हालचाल करतात. अशा प्राण्याला उघड्यावर मधोमध ठेवून भोंवतीं टाळ्या वाजविणें म्हणजे त्याला व्यायाम देणें नव्हे, तर मृत्यूच्या तोंडीं उभें केल्याचा अनुभव देणें होय. आम्हीं त्याला जागा दिली होती, परंतु ती जागा त्याची होईल असें कांहीं केलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पहिल्या तासाला मीं त्या वर्गापुढें माझ्या चांचणीच्या दिवशींच्या थट्टेबद्दल माफी मागितली. त्या मुलास खोलींत बोलावून एकांतांत माफी मागणें माझ्या सोयीचें होतें. पण चूक चारचौघांत केली होती, म्हणून भरपाईही चारचौघांतच करणें न्यायाचें होतें. मी म्हणालों, "मी शिक्षक असून एका मुलाच्या शरीराची थट्टा केली. ती चूक होती. ती मी परत घेतों, तुम्हीही घ्या." मुलगा खालीं वहींत पाहत होता. वर्ग स्तब्ध होता. तें टोपणनांव त्याच दिवशीं बंद झालें असें मी म्हणणार नाहीं. एकदां तोंडांतून सुटलेला शब्द परत यावयास महिने लागतात, आणि कांहीं शब्द परत येतच नाहींत.

अंगणाचा कारभार मीं त्याच मुलाकडे सोंपविला. स्वयंपाकघरामागें जुन्या छपराचीं नळीचीं कौलें पडून होतीं. त्यानें तीं घांसून धुतलीं, त्यांच्या कडा बोथट केल्या, आणि अंगणांत ओळीनें पालथीं घातलीं. कांहीं भिंतीच्या कडेला, कांहीं मधून आडवीं. दोन कौलांमध्यें एक वीत अंतर ठेविलें, म्हणजे एका आडोशांतून दुसऱ्या आडोशांत जातांना चार पावलें उघड्यावर टाकावीं लागत. गवत अंगणाच्या एका टोंकास, पाणी दुसऱ्या टोंकास. कोथिंबिरीची जुडी वाटींत न ठेवतां एकेक काडी वेगवेगळ्या कौलांखालीं. आणि कुंपणावर त्यानें एक पुठ्ठा टांगला: "संध्याकाळीं ६ ते ७ येथें उभें राहूं नये."

पहिल्या आठवड्यांत भोपळ्या कौलाखालून कौलाखालीं घरंगळत जाई. तिसऱ्या आठवड्यांत तो मधल्या रांगेंतून जाऊं लागला. दर शनिवारीं आमच्या स्वयंपाकघरांतील तराजूवर पातेलें ठेवून त्याचें वजन होई, व तो मुलगा तें वहींत टिपून ठेवी. पहिली नोंद १,४८० ग्रॅमची. चौथ्या आठवड्यास १,४३०. सातव्या आठवड्यांत वजन उतरण्याऐवजीं १५ ग्रॅम वाढलें. चौकशी करतां असें कळलें कीं, ज्यानें मला "द्यायचें तरी काय" असें विचारलें होतें तोच लहानगा, आईची आठवण येऊन झोंप येईना म्हणून, रात्रीं पडवींत येऊन भोपळ्याशीं बोलत बसे व आपलें बिस्किट त्याच्याबरोबर वांटून खाई. त्याला कोणी रागावलें नाहीं. वहीवाल्यानें त्याला एवढेंच सांगितलें, "बिस्किटाऐवजीं गवताची काडी धर. तो तुझ्या हातून तीही खाईल." आणि त्यानें ती खाल्ली. बाराव्या आठवड्यास १,३१० भरले. विसाव्या आठवड्यास, म्हणजे जून महिन्यांत, कांटा १,१९० वर आला. पायाची जखम त्याच्या पुष्कळ आधींच भरून आली होती. चारपांच महिन्यांत तीनशें ग्रॅम उतरले हें कोणास थोडें वाटेल. पण डॉक्टरांच्या मतें हीच चाल योग्य होती. लौकर उतरविणें म्हणजे जीव धोक्यांत घालणें.

मधल्या काळांत उन्हाळ्यानें आमची परीक्षा पाहिली. थंड डोंगरांतला हा प्राणी. पारा २७ अंशांच्या वर गेला कीं त्यास त्रास होऊं लागतो, आणि आमच्याकडे एप्रिलमध्यें तो चाळिशीला पोंचतो. तेव्हां आम्हीं पडवीला वाळ्याचे पडदे लावले, कौलें पाण्यांत भिजवून गार केलीं, दुपारीं त्याला आंतल्या खोलींत घेतलें, व फिरणें पहांटेवर ढकललें. ऑगस्टमध्यें त्याला एक लहान नर सोबती आणला, कारण हे प्राणी कळपानें राहणारे आहेत. स्वित्झर्लंड देशांत तर सन २००८ च्या नियमांनीं गिनीपिग एकटा ठेवण्यास मनाई केली आहे. नर व मादी आणिली असती तर सुमारें दोन महिन्यांत पिलें झालीं असतीं. दोघांना प्रथम जाळीच्या अलीकडे-पलीकडे ठेविलें, मग एकत्र सोडलें. आतां एक धांवला कीं दुसरा त्याच्यामागें धांवतो, आणि ह्या कामीं आम्हां मनुष्यांची गरज उरलेली नाहीं.

पावसाळ्यांतील एका संध्याकाळीं त्या मुलानें मला हांक मारली. भोपळ्या धांवतां धांवतां एकाएकीं जागच्या जागीं उडाला, हवेंत वांकडा होऊन खालीं आला, आणि पुन्हां उडाला. तव्यावर लाही फुटावी तसा! मला वाटलें, त्याला फेंपरें आलें. मुलगा म्हणाला, "नाहीं सर, हे आनंदानें असें करतात. मीं वाचलंय." चवदा महिन्यांत मीं त्याला प्रथमच आनंदांत पाहिलें. तोंपर्यंत त्याचें ओरडणें हाच आनंद, असें मी समजत होतों.

येथें वाचकांस वाटेल कीं, प्राण्याचें वजन उतरलें तसें त्या मुलाचेंही उतरलें, असा ह्या गोष्टीचा शेवट असणार. तसें कांहीं झालें नाहीं, आणि तें मोजण्याचा मला अधिकारही नाहीं. मुलाचें शरीर हें त्याचें, त्याच्या आईवडिलांचें व त्यांच्या डॉक्टरांचें काम आहे. माझें काम मैदानाचें होतें. त्याच्या त्या एका वाक्यानंतर मी मैदानाकडे नव्यानें पाहूं लागलों. खेळाच्या तासाला बावीस मुलें क्रिकेट खेळत, आणि उरलेलीं चाळीस कडेला उभीं राहून पाहत. जीं चांगलीं धांवत तींच धांवत. ज्यांना धांवण्याची गरज त्यांना टाळ्या वाजविण्याचें काम. आणि कधीं एखाद्या जड मुलास पुढें काढलें, तर तें सर्वांनीं पाहावें म्हणूनच काढलें जाई. सन २०२३ पासून आम्हीं खेळाच्या तासाचा अर्धा वेळ असा ठेविला आहे कीं, त्यांत कोणी कडेला उभें राहत नाहीं. शिक्षकही चालतात. कोणी किती फेऱ्या घातल्या हें मोजलें जात नाहीं, व ओरडून कोणास उत्तेजन देण्यासही मनाई आहे. तो विद्यार्थी त्या अर्ध्या तासांत कडुनिंबांच्या ओळीकडेनें चालतो असें मीं पाहिलें. मग पाहणें सोडून दिलें.

पालकांस माझी एक नम्र विनंती आहे. घरांत मुलासाठीं म्हणून एखादा प्राणी आणण्यापूर्वीं त्याला काय खाऊं घालावें हें विचारण्याआधीं, तो कोठें धांवेल हें विचारा. खाऊ हातावर ठेवावयास एक क्षण पुरतो, आणि घेणारा लगेच आनंदानें ओरडतो, म्हणून तें प्रेम आपल्यास सोपें वाटतें. जागा देणें, आडोसा देणें, आणि मग आपण तेथून बाजूला होणें ह्याला पुष्कळ वेळ लागतो, व त्याबद्दल कोणी शीळ घालून आपले आभार मानीत नाहीं. प्राण्यांच्या बाबतींत ही चूक माझ्या हातून सात महिने झाली. विद्यार्थ्यांच्या बाबतींत किती वर्षें झाली असेल, ह्याचा हिशेब मी अजून करीत आहें.

भोपळ्या आतां वयस्क झाला आहे. तो पूर्वीइतका धांवत नाहीं, पण संध्याकाळीं कौलांच्या रांगेंतून दोन फेऱ्या घातल्यावांचून राहत नाहीं. तो विद्यार्थी सन २०२५ ची शालान्त परीक्षा देऊन येथून गेला. बीजगणितांत त्याला बरे गुण मिळाले, एवढें सांगावयास हरकत नाहीं. जातांना त्यानें वजनाची वही त्या बिस्किटवाल्या लहानग्याच्या हातीं दिली. शेवटच्या पानावर त्याच्या अक्षरांत शेवटचें वजन लिहिलेलें आहे: १,१४० ग्रॅम. आणि त्याखालीं, पुढच्या माणसासाठीं, एक ओळ: "बघत उभें राहूं नये. मग पळतो."